फक्त गार पाण्याने

१

सकाळी उठल्यावर लोक दात घासतात. मी आधी ते काढते. म्हणजे दात नव्हे, दातांवरचं कवच. काचेसारखं पारदर्शक, नखाएवढं पातळ, माझ्या वरच्या दातांच्या मापाचं. त्याला रिटेनर म्हणतात. काढताना दोन्ही बाजूंच्या दाढांपाशी नख घालून हळूच खाली ओढायचा. घालताना दोन बोटांनी वर दाबायचा, आणि नेमका बसला की आवाज होतो. टक्. एवढासाच आवाज, पण ज्याने रोज ऐकलाय त्याला तो दुसऱ्या कशाचा वाटणार नाही. कडी लागल्यासारखा, फक्त कडी आपल्याच तोंडात.

लग्नाच्या थोडे दिवस आधी माझ्या दातांवरच्या तारा निघाल्या. त्या बसवण्यापूर्वी माझे पुढचे दोन दात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असायचे आणि डावा सुळा वर चढून बसलेला, गच्चीवरून रस्ता बघत बसावं तसा. मी हसायचे ती तोंडावर हात ठेवून. शाळेच्या सगळ्या फोटोंत माझा अर्धा चेहरा म्हणजे माझा हातच आहे. तारा होत्या तोवर तारा लपवायला हात, आणि एक दिवस तारा गेल्या, तेव्हा हातही गेला. कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही.

रिटेनर देताना डॉक्टर मॅडमनी नियम सांगितले. रोज झोपताना घालायचा. खाताना, चहा पिताना काढायचा. भोकं असलेल्या डबीतच ठेवायचा, रुमालात गुंडाळायचा नाही, लोक तो कचरा समजून फेकतात. आणि धुवायचा तो फक्त गार पाण्याने, गरम पाणी लागलं की आकार गेलाच म्हणून समजा.

“दातांना घराची ओढ असते,” त्या म्हणाल्या. उद्या ऊन पडेल हे सांगावं तितक्या साधेपणाने. “धरून ठेवणारं कोणी नसलं, की निघाले जुन्या जागी.”

मग त्यांनी कपाटातून एक खोका काढला. त्यात तारा बसवण्याआधी घेतलेल्या ठशावरून केलेला माझा प्लास्टरचा जबडा होता, पांढराफटक, सगळे दात जिथल्या तिथे वाकडे. तुमचाच आहे, घेऊन जा, म्हणाल्या. सासरी निघताना बाबांनी तो माझ्या कपड्यांच्या घड्यांमध्ये नीट बसवून दिला. तुझी वस्तू तुझ्यापाशी बरी, एवढंच म्हणाले. अशी मी नवीन घरात आले, एक जबडा तोंडात आणि एक बॅगेत घेऊन.

२

नवीन घरात माणसं तीन. एक मी. एक माझा नवरा, तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि दिवसभर लोकांच्या इमारतींत वर-खाली करत असतो. आणि एक त्याची आई.

आई निवृत्त नर्स. अख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. जिन्यात भेटलेला माणूस आधी हसतो आणि मग जीभ बाहेर काढून दाखवतो. इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण माझ्या हातून एकाही पेशंटला कसलाच संसर्ग झाला नाही, हे त्या दुसऱ्या बायका दागिने दाखवतात तसं सांगतात.

आई सगळं उकळतात. चमचे, कंगवे, कात्र्या, पाहुण्यांच्या मुलांची खेळणी. त्यासाठी एक वेगळं पातेलं आहे, त्याला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. लग्नानंतर एका सकाळी मी माझा टूथब्रश शोधत फिरत होते, तर तो त्या पातेल्यात पोहत होता. त्यांची मायाच शंभर अंशांवर असते.

माझा प्लास्टरचा जबडा कपाट आवरताना त्यांच्या हाती लागला. तो हातात फिरवून बघत त्यांनी विचारलं, हे काय गं, अभ्यासाचं आहे का. मी म्हटलं, माझेच दात आहेत, आधीचे. दुसरी एखादी सासू यावर काय म्हणाली असती कोण जाणे. आईंनी तो स्वच्छ पुसला आणि आमच्या खोलीतल्या ड्रेसिंग टेबलावर आरशासमोर ठेवला.

“घरातलं माणूस आहे,” म्हणाल्या. “कपाटात कशाला?”

मला त्या फार आवडल्या. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

एकदा कामावर जाण्याच्या घाईत मी रिटेनरची डबी बेसिनवर विसरले. संध्याकाळी परत आले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरा नॅपकिन अंथरलेला, आणि त्यावर ऑपरेशनची हत्यारं मांडावीत तसा माझा रिटेनर.

“रोज तोंडात घालतेस आणि नुसत्या पाण्याने विसळतेस,” आई म्हणाल्या. “चांगला खळखळून उकळून काढलाय.”

लांबून तो तसाच दिसत होता. उचलला तेव्हा बोटांना कळलं. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत उभ्या होत्या, शाबासकीची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या.

मी म्हटलं, “थँक यू, आई.”

३

तो बसला नाही. दाबून पाहिला, तिरका करून पाहिला. दाढांपर्यंत जायचा आणि पुढे अडायचा, दुसऱ्या कुणाच्या बुटात पाय घालावा तसा.

आता सांगायचं कसं? ज्या बाईच्या आयुष्यातला सगळा मान त्या उकळत्या पातेल्यात आहे, तिला म्हणायचं की तुमच्या पातेल्याने बिघडलं? आणि म्हणणार कोण, तर काल-परवा घरात आलेली सून. गुपचूप दुसरा करून घ्यावा तर तेही अवघड. या घरात नवी वस्तू आली की आधी पातेल्यात जाते आणि जुनी कुठे गेली याची चौकशी होते. मी ठरवलं, योग्य वेळ आली की बोलू. गप्प माणसांचा योग्य वेळेवर फार विश्वास असतो.

रिटेनर डबीत घातला आणि डबी आमच्या खोलीतल्या खणात ठेवली. झोपण्याआधी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा, बंद करायचा, तोंड मिटून बाहेर यायचं. नवऱ्याला वाटायचं घातलाय. बाबा फोनवर विचारायचे, दातांचं नीट चाललंय ना. मी म्हणायचे, रोज घालते.

जिभेला सगळ्यात आधी कळतं. डाव्या सुळ्याच्या शेजारच्या दाताची एक कड मला एका सकाळी जिभेला लागली. पूर्वी तिथे गुळगुळीत होतं. आरशात काही दिसलं नाही. पण दिवसभर जीभ तिथेच जात राहिली, आणि प्रत्येक वेळी ती कड तिथे असायची.

निघाले होते ते जुन्या जागी. इतक्या वर्षांच्या तारा, तोंड आल्यामुळे उपाशी झोपलेल्या रात्री, सगळं मागे टाकून.

४

डबी एका सकाळी उघडली ती केवळ सवयीने. रिटेनर ओला होता.

नुसता ओला असता तर मी बाथरूमच्या वाफेला दोष देऊन मोकळी झाले असते. पण डबी खोलीतल्या बंद खणात होती, आणि हा ओलावा पाण्याचा नव्हता. तो किंचित कोमट होता. तोंडातून काढल्या काढल्या असतो तसा. मी तो ओलावा ओळखते.

आईंनी धुतला असेल असं म्हणावं, तर आईंनी हात लावला असता तर तो मला वाफाळता मिळाला असता. नवऱ्याला खणात काय आहे हेच माहीत नसतं, तो स्वतःचे मोजेही मला विचारून शोधतो. मी रिटेनर कोरडा करून परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. मग मी डबीच्या झाकणावर केसांची पिन आडवी ठेवून पाहिली. सकाळी पिन जागच्या जागी होती आणि रिटेनर ओला होता. यावर मी बराच विचार केला आणि पिन केसांत लावून कामावर गेले. दुसरं काय करणार.

त्यानंतरच्या एका सकाळी नवरा कामाला निघून गेला होता, आई स्वयंपाकघरात पातेलं चढवत होत्या आणि मी बाल्कनीत केस वाळवत उभी होते. खाली रस्त्यावर भाजीची गाडी थांबली होती, कुणीतरी रिक्षावाल्याशी वाद घालत होतं. आमच्या खोलीतून आवाज आला.

टक्.

माझ्या तोंडात काही नव्हतं. तरी मी जीभ फिरवून खात्री केली.

खोलीत पलंग, पडदा, कपाट, सगळं होतं तसं. खण थोडा उघडा. ड्रेसिंग टेबलावर, आरशासमोर प्लास्टरचा जबडा, आणि त्यावर रिटेनर. कुणी ठेवलेला नव्हे, बसवलेला.

मी काढायला गेले तर निघेना. दाढांपाशी नख घालून ओढावा लागला. मग, का ते मला सांगता येणार नाही, मी तो परत त्या जबड्यावर दाबला. टक्. उकळत्या पाण्यात तो वेडावाकडा झाला असं मी समजत होते. तो वेडावाकडा झालाच नव्हता. पुढचे दोन दात एकमेकांच्या खांद्यावर, डावा सुळा गच्चीवर, प्रत्येकाची जागा त्यात नेमकी होती. माझे जुने दात त्या रिटेनरने कधी पाहिलेही नव्हते. तरी त्याने तोच आकार घेतला होता.

आरशात माझ्यामागे दार होतं, दाराबाहेर रिकामा पॅसेज. मी आरशात फार वेळ बघितलं नाही.

५

मी एका फोटो स्टुडिओत काम करते. पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो कॉम्प्युटरवर नीट करायचे. उडालेला केस, कपाळावरची चमक, एका बाजूला झुकलेली कॉलर. असल्या फोटोत तोंड मिटलेलं हवं असा नियम असतो, त्यामुळे माझा दिवस मिटलेल्या तोंडांसोबत जातो. मला ते काम जमतं.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई खुशीत होत्या. मटार सोलता सोलता म्हणाल्या, “आज दुपारी किती हसलीस गं.”

मी विचारलं, “मी?”

“मग काय भिंत? मोठ्या डॉक्टरांच्या दातांची गोष्ट सांगितली तेव्हा. पोट धरायची बाकी होतीस.” त्यांनी एक शेंग माझ्यापुढे सरकवली. “पण ते तोंडावर हात ठेवून हसणं सोड आता. आपल्याच घरात कोण बघतंय?”

मी शेंग उघडली. आत पाच दाणे होते, एकाच्या अंगावर दुसरा. मोठ्या डॉक्टरांच्या दातांची कुठलीही गोष्ट मला माहीत नव्हती. दुपारी मी स्टुडिओत एका माणसाच्या कॉलरवरची सुरकुती पुसत होते. आणि या घरात आल्यापासून मी नुसती मान हलवून हसले होते, आवाज करून एकदाही नाही. तोंडावर हात ठेवून तर नाहीच. ती सवय सोडून मी इथे आले होते. आईंनी ती कधी पाहिलेली असणं शक्य नव्हतं.

६

तर्क असा म्हणत होता, की आईंचं वय झालंय. एकट्या असतात, दुपारी डोळा लागत असेल, स्वप्न आणि खरं यांची गल्लत होत असेल. हा तर्क मला आवडला, कारण त्यात माझं काही जात नव्हतं. नवऱ्याशी बोलायचं, त्याने त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं, त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवायची पाळी एकदा दुसऱ्यांची. मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

पण नवऱ्यानेच आधी विषय काढला. जेवण झाल्यावर आम्ही दोघं भांडी विसळत होतो. त्याने सांगितलं, की आई हल्ली फार खूश असते. त्याचे बाबा गेल्यापासून तिची दुपार तिला खायला उठायची, आता रोज म्हणते सूनबाई दुपारी येऊन बसते, चहा पिते, फारसं बोलत नाही पण ऐकते छान. तुझा दुपारचा डबा खायला घरी यायचा नेम बरा आहे, म्हणाला, स्टुडिओ जवळ आहे त्याचा एवढा तरी फायदा.

मी दुपारी कधीच घरी येत नव्हते.

“तू आल्याचा मला एवढा आनंद झाला नसेल जेवढा तिला झालाय,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. “म्हणजे झालाय मलाही.”

हे ऐकून मी काय करायला हवं होतं ते मला आजही नीट कळतं. मी हातातली ताटली पुसून रॅकमध्ये ठेवली. नाही म्हटलं नाही. जे कौतुक माझं नव्हतं ते माझ्या अंगावर येऊन बसलं आणि मी ते झटकलं नाही.

दाताची कड आता आरशातही दिसायला लागली होती. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत एका गिऱ्हाईकाने काहीतरी गंमत केली, आणि कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यात मला दिसलं, की माझा हात तोंडापर्यंत गेलाय. मी तो उचलला नव्हता. निदान मला तसं आठवत नव्हतं. खाली आणताना मात्र तो जड लागला.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कोणीतरी घरात येत होतं, याची नाही. त्या घरात माझी एकच खुर्ची होती, आणि मी गप्प बसले होते तोवर ती रिकामी होती.

७

एका दुपारी स्टुडिओतली वीज गेली. मालकाने थोडा वेळ वाट पाहिली आणि आम्हाला घरी सोडलं.

लिफ्ट बंद होती, मी जिन्याने चढले. आमच्या मजल्याच्या खालच्या वळणावरच आईंचा आवाज ऐकू आला. त्या काहीतरी रंगवून सांगत होत्या. मध्येच थांबल्या, गोष्ट सांगणारा हसू येण्यासाठी थांबतो तसं.

आणि हसू आलं. दाबलेलं, बोटांमधून निसटलेलं, नाकातून सुटलेलं. ते हसू मी शाळेच्या मागच्या बाकावर, बसमध्ये, ताईच्या साखरपुड्यात असंख्य वेळा ऐकलंय. पण नेहमी आतून. बाहेरून ते कसं ऐकू येतं, हे मला तिथे जिन्यात उभं असताना पहिल्यांदा कळलं. ते वाईट नव्हतं. उलट ऐकणाऱ्यालाही हसू यावं असं होतं.

मी किल्लीने दार उघडलं. पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघर. आई माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसलेल्या. त्यांच्या समोरची खुर्ची फ्रिजच्या आड येते, तिथलं मला काही दिसत नव्हतं, फक्त टेबलावर टेकलेलं एक कोपर आणि वर गेलेला हात. तळवा आतल्या बाजूला, बोटं जवळजवळ, अंगठा हनुवटीखाली. असा हात मी कुणाला शिकवलेला नाही.

माझ्या हातून किल्ल्या पडल्या. आई वळल्या. मी तेवढ्यापुरतं किल्ल्यांकडे पाहिलं, आणि वर पाहिलं तेव्हा फ्रिजच्या कडेला नुसता टेबलाचा कोपरा होता.

“अगं,” आई म्हणाल्या. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. “आत्ता तर इथे बसली होतीस. चप्पल कधी घातलीस?”

८

मी आत गेले. टेबलावर दोन कप होते. आईंचा रिकामा. दुसऱ्यातला चहा अर्धा, त्यातून वाफ येत होती. त्या कपाच्या बशीत माझा उकळलेला रिटेनर ठेवला होता, ओला. चहा पिताना काढायचा, हा नियम तिलाही माहीत होता.

मी त्या खुर्चीत बसले. ती ऊबदार होती.

आता इथे मला एक सोपी वाट होती, ती सांगते. मी म्हणू शकले असते, हो, खाली काहीतरी आणायला गेले होते. हसू शकले असते, हात तोंडावर ठेवून. सगळे खूश होते. आई खूश, नवरा खूश. खुर्चीत कोण बसतंय याची कुणालाच अडचण नव्हती, आणि मला पुन्हा कधी काही बोलावं लागलं नसतं. माझा हात टेबलावरून उठायला लागलाही होता.

मी तो हात बशीकडे नेला आणि रिटेनर उचलून आईंसमोर ठेवला.

“आई, हा मला बसत नाही,” मी म्हटलं. “तुम्ही उकळलात त्या दिवसापासून. याला गरम पाणी चालत नाही. मी सांगायला हवं होतं.”

माझा आवाज मला अनोळखी वाटला. त्या घरात मी इतकं लांब बोललेच नव्हते.

आईंनी चष्मा लावला. रिटेनर उजेडात धरला, बोट फिरवलं. माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं, मग परत हातातल्या रिटेनरकडे पाहिलं. वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला दोन वस्तू एकमेकींच्या नाहीत हे कळायला वेळ लागत नाही.

“बोलली का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“हा कुठला मान?” त्या हळू म्हणाल्या, पण मला तो आवाज ऐकून पेशंट का बरे होत असतील ते कळलं. “माझी चूक मलाच कळू द्यायची नाही? दात तुझे सरकतायत आणि मी इथे रोज पातेलं चढवतेय. मी काय खाल्लं असतं तुला?”

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते बरं वाटणारं होतं.

मग त्या थांबल्या. त्यांची नजर अर्ध्या कपावर गेली. तिथून रिटेनरवर, आणि तिथून माझ्या पायांतल्या चपलांवर.

“मग रोज दुपारी हे काढून चहा पिते,” त्यांनी विचारलं, “ती कोण?”

मी पॅसेजच्या पलीकडे, आमच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. ड्रेसिंग टेबलाचा कोपरा इथून दिसत होता, आणि त्यावरचं काहीतरी पांढरं. आईंनी माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं, आणि बराच वेळ त्याही तिकडे बघत राहिल्या. माणसं जाताना आणि येताना पाहिलेल्या बाईचा चेहरा होता तो. घाबरलेला नव्हता.

“फार नाही बोलायची,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण ऐकायची जीव लावून.” त्यांनी कपाला हात लावून पाहिला, अजून गरम आहे का ते. “बिचारी. चहा अर्धा टाकून गेली.”

९

पुढचं सगळं आईंनी हातात घेतलं. दुसऱ्याच दिवशी मला कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात शिरल्याबरोबर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की चूक माझी आहे, हिला बोलायचं नाही. तो तरुण डॉक्टर ‘हो सिस्टर’ म्हणाला आणि सवयीने त्याचीही जीभ बाहेर यायला लागली होती, ती त्याने वेळीच आवरली.

माझ्या तोंडात ती थंड, चिकट पेस्ट भरून नवा ठसा घेतला. डॉक्टर म्हणाला, बाकी सगळे दात जागेवर आहेत, वेळेवर आलात. फक्त सुळ्याच्या शेजारचा एक थोडा वळलाय. हवं तर त्याला परत ओढून घेऊ, नाहीतर आहे तसा धरून ठेवणारा रिटेनर करू.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, वाट पाहिली.

“राहू दे तो तसाच,” मी म्हटलं. “एवढी जागा असू दे.”

नवा रिटेनर आला. आई आता तो स्वतः हातात घेत नाहीत, लांबूनच विचारतात, गार पाणी ना, गारच ना. पातेल्याशी उभ्या असल्या की मी डबी पाठीमागे धरते आणि त्या म्हणतात, विश्वास नाही पोरीचा. बाबांना मी फोनवर खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे आता तिथे तुझं ऐकतात तर. मी म्हटलं, बोलले की ऐकतात.

जुना रिटेनर फेकवला नाही. तो ड्रेसिंग टेबलावर असतो, दुसऱ्या एका डबीत, भोकांच्या. माझा धुऊन झाला की त्याच्यावरूनही गार पाणी सोडते. काही सकाळी तो कोरडा असतो, काही सकाळी नसतो. मी झाकणावर पिन ठेवत नाही. झोपताना मी माझा दाबून बसवते, टक्, आणि मग क्षणभर थांबते, शेजारच्या माणसाचंही आटोपू द्यावं म्हणून.

परवा नवऱ्याला सुट्टी होती, मलाही. दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. आईंनी चहा गाळला आणि चार कप भरले. चौथा फ्रिजच्या आड येणाऱ्या खुर्चीसमोर ठेवला.

“हा कुणाचा?” नवऱ्याने विचारलं.

“असू दे,” आई म्हणाल्या. “कोणी आलं तर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला. लिफ्टवाला माणूस आहे, दोन मजल्यांच्या मध्ये काय असतं ते विचारायचं नसतं हे त्याला कळतं.

“आई,” मी म्हटलं, “ती मोठ्या डॉक्टरांच्या दातांची गोष्ट सांगा ना.”

“परत?” त्या मुलासमोर बोलून गेल्या, मग माझ्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं. “नाही, खरंच की. तुला कुठे सांगितलीय.”

त्या नीट सरसावून बसल्या. सांगू लागल्या, की वॉर्डाचे मोठे डॉक्टर कसे होते, ज्यांच्या बुटांचा आवाज आला की पेशंट खोकणं थांबवायचे. एकदा त्यांनी ऑपरेशनआधी आपली कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली, आणि आईंनी ती सुयांबरोबर उकळली. खळखळून. त्यानंतर दिवसभर मोठे डॉक्टर वॉर्डात फिरून ऑर्डरी देत होते आणि एका शब्दाचा अर्थ कुणाला लागत नव्हता. सगळे ‘हो सर’ म्हणत होते. ज्याला डिस्चार्ज द्यायचा त्याला कडक पथ्यावर ठेवलं, आणि पथ्यावरचा घरी जाऊन जेवला.

“आणि ते तुला काही बोलले नाहीत?” नवऱ्याने विचारलं.

“बोलणार कसे? कवळी तोंडात मावत नव्हती.” आई थांबल्या, गोष्ट सांगणारा थांबतो तशा. “आणि खरं सांगू? मला घाबरायचे. सगळ्या वॉर्डाला गप्प बसवणारा माणूस, पण सिस्टरला म्हणायचं धाडस होईना, की बाई, तुम्ही माझे दात शिजवलेत.”

मी हसले. ते आधी नाकातून सुटलं, मग सगळंच सुटलं, आवाज करून, डोकं मागे टाकून. नवरा माझ्याकडे बघतच राहिला, त्याने हे पाहिलं नव्हतं. माझे सगळे दात त्या खोलीत उघडे होते, सरळ होते ते आणि तो एक वाकडा. हात टेबलावर होता. तो टेबलावरच राहिला.

माझं हसणं ओसरलं तरी खोलीत थोडं हसू शिल्लक होतं. फ्रिजच्या कडेला, चौथ्या कपाच्या वाफेपलीकडे, टेकलेलं एक कोपर. वर गेलेला हात. मी मान वळवली नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच बघितलं. बोटं एकेक करून सुटत होती. तो हात हळूहळू खाली येत होता.